गनस्मिथकडून आलेली .३७५: पेटी उघडल्यापासून शिकारीच्या झिरोपर्यंत

बनवून घेतलेली मध्यम बोअरची रायफल हातात आली की बहुतेक जण एकच चूक करतात: त्याच संध्याकाळी स्कोप चढवतात आणि शनिवारी रेंजवर जाऊन थेट १०० यार्डांवर चाप ओढतात. मग गोळ्या कागदावर कुठेही जातात, चाळीस काडतुसं संपतात, खांदा काळानिळा होतो आणि दोष नळीला दिला जातो. नळी बहुधा निर्दोष असते. दोष असतो सैल स्क्रूत, पुढेमागे झालेल्या स्कोपात किंवा नेमबाजाच्या मिटलेल्या डोळ्यात. म्हणून टरेटला (स्कोपवरचा, नेम सरकवणारा खटका) हात लावण्याआधी काय काय उरकायचं, आणि ते कोणत्या क्रमाने, याचा हा आराखडा आहे. शेवट झिरोवर: ठरलेल्या अंतरावर जिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी स्कोपची जुळणी.

इथे गृहीत धरलेली रायफल म्हणजे माउझर ९८ किंवा विंचेस्टर मॉडेल ७० धाटणीची बोल्ट अ‍ॅक्शन, लाकडी दस्ता, काडतूस .३७५ एच अँड एच मॅग्नम किंवा ९.३×६२. .३३८ विंचेस्टर मॅग्नम आणि .३५ व्हेलनलाही जवळपास हेच लागू पडतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे; त्यामुळे हे सगळं टेक्सास, अलास्का, नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी रीतसर परवाना आणि टॅग घेऊन शिकारीला जाणाऱ्यांसाठी आहे.

सामान आधी जमवा

इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क ड्रायव्हर (१० ते ७० पर्यंतचा पुरे), स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारी हॉलो-ग्राउंड बिट्स, अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), छोट्या दोन पाणसळी, ओळंबा, मास्किंग टेप, नळी साफ करायची एकसंध सळई, ती सरळ ठेवणारा बोअर गाइड, पुसायचे कापडी पॅच आणि त्या कॅलिबरची किमान चार डमी काडतुसं. डमी म्हणजे कारखान्यात बनलेली, प्राइमर आणि दारू नसलेली, वेगळ्या रंगाची. खरी काडतुसं कामाच्या टेबलावर तर सोडाच, त्या खोलीतही नकोत.

टॉर्क ड्रायव्हरवर पैसे वाचवू नका. हाताच्या अंदाजाने घट्ट केलेले स्क्रू हलक्या धक्क्याच्या .२४३ वर खपून जातात; .३७५ वर नाही. नऊ पौंडांच्या रायफलीत .३७५ चा धक्का ३५ ते ४० फूट-पौंडांच्या घरात जातो आणि प्रत्येक गोळीला तो स्कोप रिंगमधून सरकवू पाहतो.

टप्पा १: रिकामी आहे का, आणि सुरक्षित आहे का

१. बोल्ट काढा. चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिनमध्ये डोळ्याने पाहा, मग करंगळी घालून पाहा.

२. नळीतून उजेडाकडे बघा. कारखान्याचं किंवा गनस्मिथचं तेल, पॅचचा तुकडा, लाकडाचा भुसा, काहीही राहिलेलं असू शकतं. आधी ओला पॅच, मग कोरडे, शेवटचा पॅच स्वच्छ निघेपर्यंत. सळई नेहमी चेंबरकडून घाला आणि बोअर गाइड वापरा. तोंडाकडून घातलेली सळई क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड, खराब करते.

३. चेंबर वेगळं पुसा. चेंबरमध्ये तेल राहिलं की काडतुसाची भिंत चेंबरला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो. नळी कोरडी करणारे पुष्कळ असतात, चेंबर पुसणारे थोडे.

४. बोल्ट बसवा, कॉक करा, सेफ्टी लावा. चाप जोरात ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. स्ट्रायकर (प्राइमरवर आदळणारी सुई) सुटला तर काम तिथेच थांबवा; रायफल परत गनस्मिथकडे.

५. सेफ्टी काढलेल्या, कॉक केलेल्या रिकाम्या रायफलीचा दस्ता रबरी चटईवर दोनतीनदा आपटा. बोल्ट जोराने पुढे ढकलून बंद करा. स्ट्रायकर सुटता कामा नये. बनवून घेतलेल्या रायफलीत ट्रिगर हलका करून मागण्याची हौस असते, आणि ती हौस याच चाचणीत नापास होते. धोकादायक जनावरांसाठीच्या रायफलीला तीन ते साडेतीन पौंडांचा स्वच्छ पुल पुष्कळ झाला.

इशारा: ट्रिगरचे स्क्रू स्वतः फिरवू नका. वरच्यापैकी एकही चाचणी फसली, तर पुढचे टप्पे निरर्थक आहेत.

टप्पा २: दस्ता आणि अ‍ॅक्शन स्क्रू

लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं आणि आकसतं. पोर्टलंडच्या ओलीत बसवलेला दस्ता अ‍ॅरिझोनात पोहोचला की स्क्रू सैल होतात. म्हणून इथून सुरुवात.

माउझरला दोन गार्ड स्क्रू असतात: आधी पुढचा, मग मागचा. दस्ता बनवणाऱ्याने टॉर्क सांगितला असेल तर तोच. नसेल तर बेडिंगमध्ये (धातू लाकडात बसतो ती जागा) धातूचे पिलर नसलेल्या लाकडी दस्त्याला ४० इंच-पाउंडांच्या आसपास थांबा. मॉडेल ७० ला तीन असतात. तिथे पुढचा आणि मागचा घट्ट, मधला नुसता टेकेल इतकाच. तो मधला स्क्रू बाकीच्या दोघांइतका आवळला की अ‍ॅक्शन धनुष्यासारखी वाकते आणि ग्रुप (कागदावरचे गोळ्यांचे झुबके) उभे पसरतात. या एका स्क्रूपायी किती नळ्या उगाच बदलल्या गेल्या असतील!

तपासणी: रायफल उभी धरा, एका हाताची तर्जनी नळी आणि दस्त्याच्या टोकाच्या सांध्यावर अर्धी लाकडावर, अर्धी धातूवर ठेवा. दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा, मग पुन्हा आवळा. बोटाखाली नळी लाकडापासून सरकल्याचं जाणवलं तर अ‍ॅक्शन ताणाखाली बसली आहे. बोटाला दोनतीन हजारांश इंचाचा फरकही कळतो. काहीच जाणवलं नाही तर बेडिंग ठीक.

नळी मोकळी ठेवायला सांगितलं असेल, तर जाड कागदाची पट्टी नळी आणि लाकडामधून चेंबरपर्यंत बिनअडथळा सरकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी अडली तर तिथे पेन्सिलीने खूण करून गनस्मिथला दाखवा. सँडपेपर हातात घेऊन स्वतः सुरू होऊ नका. रिकॉइल लगच्या (धक्का लाकडावर देणारा धातूचा दात) मागचं लाकूड घासलं गेलं की दस्ता पहिल्या पन्नास गोळ्यांत फुटतो.

टप्पा ३: बेस

बेस म्हणजे रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात चालतो तो भाग) माथ्यावरचा पाया; त्यावर रिंगा आणि रिंगांत स्कोप. हाच टप्पा घाईत उरकला जातो, आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच निघतात.

१. बेसचे जुने स्क्रू काढा. आटे आणि स्क्रू दोन्ही अ‍ॅसिटोनने धुवा. गनस्मिथने तेल लावून पाठवलेलं असतं आणि तेलावर थ्रेडलॉकर धरत नाही.

२. कोरडे स्क्रू एकेक करून बसवा आणि प्रत्येक स्क्रूनंतर बोल्ट चालवून पाहा. पुढच्या भोकातला स्क्रू लांब असेल तर तो नळीच्या आट्यांना किंवा बोल्टच्या लगला टेकतो. मागच्या ब्रिजचा लांब स्क्रू बोल्टच्या वाटेत येतो. पुढच्या भोकात असं झालं की स्क्रू टाइट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात बेस सैलच असतो. खात्री करायची सोपी रीत: बेस न लावता स्क्रू पूर्ण आत जातो किती, आणि बेससकट किती आटे धरतो, हे मोजून पाहा.

३. बेस आणि रिसीव्हर यांत उजेड दिसतो का ते बाजूने बघा. एक टोक आवळल्यावर दुसरं टोक उचलत असेल तर बेस बसत नाही. जबरदस्तीने दाबून बसवलेला बेस स्कोपच्या नळीलाही वाकवतो.

४. थ्रेडलॉकरचा एकच थेंब, मग बेसवाल्याने दिलेला टॉर्क. साधारणपणे ६-४८ आट्यांच्या स्क्रूला १५ ते २० इंच-पाउंड. .३७५ साठी नवी रायफल बनवून घेत असाल तर भोकं ८-४० आट्यांची करून मागणं शहाणपणाचं; जाड स्क्रू धक्क्यात कापला जात नाही.

रुगर एम ७७ ला बेस रिसीव्हरमध्येच कोरलेला असतो, सीझेड ५५० ला १९ मिलिमीटरची खोबण असते. तिथे हा टप्पा सोडा आणि पुढे चला.

माउझरवाल्यांनी इथेच आणखी दोन गोष्टी बघाव्यात. मूळ लष्करी सेफ्टीचा पंख वर उभा राहतो आणि स्कोपला आपटतो. त्या जागी बाजूला फिरणारी सेफ्टी हवी. आणि बोल्टचा दांडा वर उचलल्यावर आयपीसला (स्कोपचं डोळ्याकडचं टोक) लागतो का. लागत असेल तर उंच रिंग हा उपाय नव्हे. दांडा खाली वळवून घ्यावा लागतो.

टप्पा ४: स्कोप आणि डोळ्यातलं अंतर

या रायफलीला १-४, १-६ किंवा १.५-५ शक्तीचा (किती पट मोठं दिसतं तो आकडा) स्कोप शोभतो. झुडपात वीस यार्डांवर बफेलो उभा असेल तेव्हा कमीत कमी शक्ती १ किंवा दीडच हवी, आणि दोनशे यार्डांवरच्या एलंडला (आफ्रिकेतला मोठा, हरणासारखा प्राणी) चार-पाच पुरते. ४-१६ चा अवजड स्कोप चढवणाऱ्यांना धक्क्याचं गणित कळलेलं नसतं: स्कोप जितका जड, तितका रिंगवरचा ताण जास्त.

आय रिलीफ (डोळा आणि स्कोपची मागची काच यांतलं अंतर) किमान साडेतीन इंच हवा, चार असेल तर उत्तम. भुवईवर अर्धचंद्राकृती जखम घेऊन परतलेले लोक हाच आकडा वाचायला विसरलेले असतात.

क्रम असा:

१. रिंगचे खालचे अर्धे भाग बेसवर बसवा. आडव्या खाचेच्या बेसवर रिंग आवळण्यापूर्वी ती खाचेत पुढे ढकलून धरा. धक्क्यात रायफल मागे जाते, स्कोप जागीच राहू पाहतो; त्यामुळे रिंग पुढच्या भिंतीला आधीच टेकलेली हवी. मागे ठेवली तर पहिल्या गोळीला ती खाचेभर सरकेल आणि झिरो हलेल.

२. स्कोप नुसता वर ठेवा. तो डुगडुगत असेल किंवा एका रिंगमध्ये टेकून दुसरीत अधांतरी असेल, तर रिंग एका रेषेत नाहीत. पोलादी रिंगांना लॅपिंग (पेस्टने आतून घासून सरळ करणं) करता येतं; आत प्लॅस्टिकचे इन्सर्ट असलेल्या रिंगांना कधीच करू नये. लॅपिंगची पेस्ट शेवटपर्यंत पुसा, नाहीतर ती स्कोपची नळी खाते.

३. वरचे अर्धे भाग सैल लावा. शक्ती सर्वांत जास्त ठेवा, स्कोप शक्य तितका पुढे सरकवा.

४. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेका, मग डोळे उघडा. पूर्ण वर्तुळ दिसलं पाहिजे. काळी कडा दिसली तर स्कोप अर्धा सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा करा.

५. हेच उभं राहून, बसून आणि आडवं पडून करा. आडवं पडल्यावर डोळा सर्वांत पुढे येतो. तिथे तीन इंच उरत नसतील तर स्कोप पुढे गेलाच पाहिजे. जॅकेट घालून शिकार करणार असाल तर जॅकेट घालूनच बघा.

इथेच दस्त्याची लांबीही कळते. कारखान्याचे दस्ते चापापासून बटपॅडपर्यंत साडेतेरा इंचांच्या पुढे असतात. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ते लांब पडतात, मग तो मान पुढे काढतो आणि स्कोप कपाळावर घेतो. बनवून घेतलेल्या रायफलीत ही अडचण नसायला हवी, पण मापं उन्हाळी शर्टावर दिली असतील तर असते.

टप्पा ५: समतल आणि टॉर्क

१. रायफल व्हाइसमध्ये धरा. पाणसळ बेसवर किंवा अ‍ॅक्शनच्या सपाट भागावर ठेवून रायफल समतल करा.

२. पंचवीस यार्डांवर ओळंबा टांगा. स्कोपमधून बघत आतली नेमाची उभी तार ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. टरेटच्या टोपणावर दुसरी पाणसळ ठेवण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण टोपण आणि तार कधीकधी एकमेकांशी काटकोनात नसतात.

३. रिंगचे स्क्रू तिरपे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. शेवटचा टॉर्क बहुतेक रिंगांना १५ ते २० इंच-पाउंड. रिंग आणि स्कोप दोघांनी वेगळे आकडे दिले असतील तर लहान आकडा धरा.

४. पुन्हा ओळंबा बघा. एका बाजूने आवळल्यावर स्कोप हमखास फिरतो.

इशारा: रिंगच्या टोपणाच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर नको. ओलं थ्रेडलॉकर वंगणाचं काम करतं. टॉर्क ड्रायव्हर २० दाखवतो, प्रत्यक्षात आवळ त्याहून कितीतरी जास्त पडतो आणि स्कोपच्या नळीवर वळ उमटतो. आतली यंत्रणा अडकली की टरेट फिरतं पण गोळी जागची हलत नाही.

तपासणी: प्रत्येक रिंगच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून स्कोपवर मास्किंग टेपची पट्टी लावा. वीस गोळ्यांनंतर टेप आणि रिंग यांत केसाएवढी फट दिसली, तर स्कोप पुढे सरकतो आहे. रिंगमधला तेलाचा अंश पुसून पुन्हा आवळा. ही टेप शिकारीलाही तशीच ठेवा. दिसायला वाईट दिसते, पण पहिली खबर तीच देते.

टप्पा ६: डमी काडतुसांनी चालवून बघणं

रेंजवर जाण्याआधीचा हा शेवटचा टप्पा, आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा.

मॅगझिन पूर्ण भरा. हळू चालवा, मग जोरात चालवा. डावीकडचं काडतूस, उजवीकडचं काडतूस, शेवटचं एकटं काडतूस, तिन्ही वेगवेगळ्या वाटेने वर येतात. शेवटचं अडत असेल तर फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) किंवा मॅगझिनचे ओठ तपासायला लागतील, आणि ते काम गनस्मिथचं.

माउझर धाटणीच्या अ‍ॅक्शनला काडतूस मॅगझिनमधूनच भरायचं. चेंबरमध्ये सुटं टाकून बोल्ट दाबला, तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणारा) नखाला काडतुसाच्या रिमवरून उडी मारावी लागते. मूळ माउझरचं नख त्यासाठी बनलेलं नाही. आज नाही तर उद्या तुटतं, आणि तुटतं ते नेमकं दुसरी गोळी हवी असते तेव्हा.

आता पुंगळी बाहेर कशी पडते ते बघा. .३७५ चं काडतूस ३.६ इंच लांब. स्कोप खाली बसवला असेल तर बाहेर पडणारी पुंगळी उजव्या टरेटवर आपटून परत अ‍ॅक्शनमध्ये पडते. टरेटच्या खालच्या कडेला पितळेचा सोनेरी ओरखडा दिसला तर समजा हेच होतंय. उपाय दोन: स्कोप थोडा पुढे-मागे करून टरेट पुंगळीच्या वाटेतून बाजूला घेणं किंवा एक पायरी उंच रिंग.

मॅगझिनच्या तळाची झडप बोटाने दाबून आणि रायफल जोराने आपटून बघा. सैल खटका धक्क्याने उघडतो आणि खालची सगळी काडतुसं पायाशी पडतात.

टप्पा ७: बोअर साइट आणि २५ यार्ड

रेंजवर कानाला इअरप्लग आणि वरून मफ, दोन्ही. डोळ्याला चष्मा. खांद्याला जाड पॅड. यात लाजण्यासारखं काही नाही.

१. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, २५ यार्डांवर मोठा काळा गोल लावा. नळीतून बघून गोल मध्यात आणा. रायफल न हलवता स्कोपमधून बघा आणि तारा गोलावर आणा.

इथे लोक गोंधळतात. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, तार कुठे सरकेल ते नाही. तार डावीकडे न्यायची असेल तर 'उजवीकडे' असं लिहिलेल्या दिशेला फिरवा. प्रत्यक्ष गोळ्या मारून दुरुस्ती करताना मात्र बाणाप्रमाणेच. काही युरोपीय स्कोपचं टरेट अमेरिकन स्कोपच्या उलट फिरतं, त्यामुळे सवयीवर जाऊ नका, बाण वाचा.

तारा जुळवताना टरेट एका टोकाला जाऊन अडलं तर जबरदस्ती नको. बेस किंवा रिंगमध्ये दोष आहे. टप्पा ३ वर परत.

२. पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवा, नळीखाली नाही. पट्ट्याची पुढची कडी पिशवीच्या बरीच पुढे राहील असं बघा, नाहीतर धक्क्यात ती पिशवीत रुतून प्रत्येक गोळी वर फेकते. पुढचा हात दस्त्यावर हलका पण धरलेला हवा; .३७५ मोकळी सोडली की उडते.

३. एक गोळी. मोजा, फिरवा. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे १०० यार्डांवर सुमारे एक इंच भरणारा कोन) टरेटला २५ यार्डांवर एक इंच म्हणजे सुमारे १६ क्लिक. दुसरी गोळी. ठरलेल्या बिंदूच्या अर्ध्या इंचात आली की पुढे.

इशारा: रायफल शिशाच्या पिशव्यांनी जखडणाऱ्या रेस्टवर .३७५ ठेवू नका. खांदा मागे जातो तेव्हा धक्क्याचा मोठा भाग तिथे जिरतो. रायफल जखडली की तो सगळा दस्त्याच्या मानेत आणि स्कोपात जातो. चांगल्या अक्रोडाचे दस्ते याने चिरलेले आहेत. त्यापेक्षा उंच टेबलावर जवळपास उभं राहून मारा, शरीर मागे झुलू द्या.

टप्पा ८: १०० यार्ड आणि खरा झिरो

आता नेमकं तेच काडतूस वापरा जे शिकारीला नेणार आहात. .३७५ मध्ये २७० ग्रेन आणि ३०० ग्रेन (गोळीचं वजन) एकाच बिंदूवर जातील हे गृहीत धरू नका. दोनतीन इंचांचा फरक सहज पडतो. स्वस्त काडतुसांनी झिरो करून महागडी काडतुसं बॅगेत टाकणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी हे दुप्पट खरं: तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, त्यामुळे झिरोही तांब्याच्या गोळीनेच करावा लागतो.

तीन गोळ्या मारा, मग नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. मग पुन्हा तीन. दोन ग्रुप एकमेकांवर ठेवून सहा गोळ्यांचं मधलं केंद्र काढा आणि त्यावरून टरेट फिरवा. एकेका गोळीमागे धावू नका. १०० यार्डांवर पाव एमओएचे चार क्लिक म्हणजे एक इंच. युरोपीय स्कोपला एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर.

कुठे झिरो करायचं हे जनावर ठरवतं. झाडीत बफेलोच्या मागे जाणार असाल तर १०० यार्डांवर बरोबर बिंदूवर ठेवा आणि डोकं शांत ठेवा. मोकळ्या माळावर एलंड, कुडू किंवा अलास्कात मूस असेल तर १०० यार्डांवर दोन ते अडीच इंच वर ठेवा. २,५३० फूट प्रतिसेकंदाची ३०० ग्रेन टोकदार गोळी मग २०० यार्डांच्या आसपास बिंदूवर येते. २,३६० फुटांची ९.३×६२ ची २८६ ग्रेन गोळी दोन इंच वर ठेवली तर २०० वर साधारण दोन इंच खाली पडते. गोल नाकाची गोळी याहून लवकर पडते; तिला २०० चा झिरो देण्यात अर्थ नाही.

स्कोप नळीच्या मध्यापासून दीड इंच वर असेल, तर २५ यार्डांवर बिंदूवर बसलेली .३७५ ही १०० वर साधारण दोन इंच वर जाते. म्हणजे टप्पा ७ नीट केला असेल तर इथे काम थोडंच उरतं.

एका दिवसात वीसपेक्षा जास्त गोळ्या नकोत. पंधराव्या गोळीनंतर माणूस नकळत दचकायला लागतो आणि मग दुरुस्ती रायफलीची नाही, दचकण्याची होते. मित्राला काडतुसं भरायला सांगा आणि मधूनच न कळवता डमी घालायला लावा. डमीवर नळीचं तोंड खाली झुकलं, तर त्या दिवशीचा टरेट फिरवण्याचा कार्यक्रम बंद, उरलेला वेळ .२२ ची हलकी रायफल घेऊन बसा.

ग्रुप येत नसेल तर

उभा पसरत असेल तर आधी अ‍ॅक्शन स्क्रू आणि पिशवीची जागा. आडवा पसरत असेल तर गालाची टेक आणि चाप. दोन वेगळे झुबके पडत असतील तर बेस सैल किंवा स्कोपची आतली यंत्रणा गेलेली; दुसरा खात्रीचा स्कोप लावून बघा. गरम झाल्यावर एका दिशेला चालत जात असेल तर नळी कुठेतरी लाकडाला लागतेय. पहिली गोळी वेगळी आणि बाकीच्या एकत्र असतील तर नळीत तेल आहे. नळीचा नंबर या सगळ्यांच्या नंतर.

शिकारीच्या रायफलीने थंड, एकदोन गोळ्या मारून मळलेल्या नळीतून पहिली गोळी नेमकी मारायला हवी. म्हणून झिरो झाल्यावर नळी चकचकीत साफ करून शिकारीला नेऊ नका. चार वेगवेगळ्या दिवशी जाऊन फक्त पहिल्या थंड गोळ्या एकाच कागदावर मारा. तो कागद दहा ग्रुपपेक्षा जास्त सांगतो.

टप्पा ९: तिकाटण्यावरून

आफ्रिकेत बहुतेक गोळ्या तीन काठ्यांच्या तिकाटण्यावरून, उभं राहून मारल्या जातात. टेबलावरचा ग्रुप तिथे उपयोगाचा नाही. १०० यार्डांवर ए-फोर कागद लावा. तिकाटणं उभारा, रायफल चढवा, मारा, खांद्यावरून न उतरवता बोल्ट चालवा, दुसरी मारा. दोन्ही कागदावर पाहिजेत. जमत नसेल तर अंतर ५० वर आणा. तुमची शिकारीची मर्यादा सध्या तेवढीच आहे असं समजा.

बोल्ट पूर्ण मागे ओढायची सवय लावा. लांब काडतुसात अर्धवट ओढलेला बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो.

रायफलीला लोखंडी नेमयंत्र असेल आणि रिंगा झटपट निघणाऱ्या असतील, तर स्कोप काढून ५० यार्डांवर मागची पट्टी आणि माशी जुळवून घ्या. मागची पट्टी गोळी न्यायची त्याच दिशेला सरकते, माशी उलट दिशेला. मग स्कोप परत लावा आणि १०० वर तीन गोळ्या मारून झिरो परत आला का ते बघा. जे परत येत नाही ते झटपट काढण्याच्या लायकीचं नाही.

टप्पा १०: प्रवास

टरेट कोणत्या आकड्यावर आहे ते लिहून ठेवा आणि फोटो काढा. अमेरिकेतून निघताना कस्टम्सचा ४४५७ क्रमांकाचा फॉर्म रायफलीचा सीरियल नंबर घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर परतताना ती तुमचीच असल्याचं सिद्ध करत बसावं लागेल. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा एसएपीएस ५२० अर्ज लागतो. काडतुसांवर विमान कंपन्यांची सहसा ५ किलोंची मर्यादा असते आणि ती बऱ्याचदा रायफलीच्या पेटीत नाही, वेगळी, मूळ खोक्यात न्यावी लागतात. बोल्ट काढून ठेवलेला असेल तर तो त्याच पेटीत आहे ना, हे घरीच बघा.

कॅम्पवर पोहोचल्यावर पहिलं काम: टेपची खूण, बेसचे आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू, मग नळीत काही नाही याची खात्री, मग १०० वर दोन गोळ्या. दोन इंचांपेक्षा कमी फरक असेल तर टरेट फिरवा आणि तिसरी मारून खात्री करा. त्याहून जास्त असेल तर टरेटला हात न लावता आधी रिंग आणि बेस उघडून बघा. काही सैल सापडलं तर आवळून मगच पुन्हा झिरो करा.